मालडोंगरीला बोट जरूर न्या, पण बेटावर कोणाला उतरवू नका

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया;
वन, पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय आणि पर्यटन या खात्यांचे अधिकारी;
नवेगावबांध पंचक्रोशीतल्या ग्रामपंचायतींचे सरपंच आणि सदस्य यांस

महोदय,

नवेगावबांधच्या तलावात पर्यटकांसाठी बोट सुरू व्हावी, तलावातल्या मालडोंगरी बेटापर्यंत लोकांना नेऊन आणावं, ही चर्चा आमच्याकडे काही आजची नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्दच्या जलाशयावरच्या जलपर्यटन प्रकल्पाचं २०२४ मध्ये भूमिपूजन झालं आणि तेव्हापासून आमच्या बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवातसुद्धा हा विषय निघतो. कोणाला स्पीडबोट हवी, कोणाला बेटावर सेल्फी पॉइंट हवा, कोणाला पाण्यावर तरंगणारं हॉटेल. यातलं काही कागदावर उतरण्याआधी माझं म्हणणं आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे जाहीर पत्र.

म्हणणं एवढंच आहे: बोट हवी, पण ती वल्ह्यांनी चालणारी हवी. ती इथल्या ढिवरांच्या, म्हणजे पिढीजात मासेमारांच्या, हातात हवी. तिनं बेटाला लांबून वळसा घालून परत यावं, आणि बेटावर एकाही पर्यटकाचा पाय पडू नये.

मी या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर ढिवराचं, वडील आणि काका याच पाण्यात जाळं टाकायचे. पर्यटक आले तर आमच्या गावात दोन पैसे येतील हे मला कळतं. धानाचं एक पीक निघालं की हाताला काम नाही, तरुण पोरं नागपूर-हैदराबादची गाडी धरतात, हे मी दर वर्षी पाहते. त्यामुळे बोट नकोच म्हणणाऱ्यांत मी नाही. दुसरं कारण माझ्या वर्गातलं आहे. आमच्या कितीतरी मुलांनी हा तलाव फक्त पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पाहिला आहे. पाळीवरून पाणी दिसतं, पलीकडचे डोंगर दिसतात. पक्षी म्हणजे नुसते काळे ठिपके. तलावात काय जगतं ते पाण्यात गेल्याशिवाय कळत नाही.

मला ते वडिलांच्या डोंग्यात कळलं. पावसाळ्याचे दिवस होते, कमळाची पानं पाण्यावर दाटली होती. वडिलांनी एकदम वल्हं उचललं आणि डोंगा आपोआप सरकू दिला. हाताच्या अंतरावर, एका पानावर चार-दोन काड्या, आणि त्यावर कमळपक्ष्याची चार अंडी. तपकिरी, चकचकीत, वर काळ्या शाईनं गिरवल्यासारख्या वेड्यावाकड्या रेघा. घरटं म्हणावं असं तिथे काही नव्हतंच. पान जरा कलंडलं असतं तर चारही अंडी पाण्यात गेली असती. वडील म्हणाले, अंडी उबवायचं काम यांच्यात नराचं. मादी अंडी घालून निघून जाते. तो नर पलीकडच्या पानावर उभा राहून आमच्याकडे बघत होता. आम्ही पुढे सरकल्यावर लगेच येऊन अंड्यांवर बसला.

त्याच पाण्यात टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं असतं. ओल्या शेवाळाचा आणि पाणवनस्पतींचा छोटा ढीग, तोही तरंगता. टिबुकली घरटं सोडताना घाईघाईनं ओल्या पाल्यानं अंडी झाकून जाते, म्हणजे वरून कावळ्याला दिसू नयेत. माणूस जवळ रेंगाळला, तर ती परतत नाही, आणि झाकायला वेळ मिळाला नसेल तर अंडी उघड्यावर राहतात.

मोटारबोटीला माझा विरोध आहे तो या घरट्यांपायी. मोटारबोट पुढे निघून जाते, तिच्यामागे उठलेली लाट काठापर्यंत येते. बोटीत बसलेल्याला ती दिसतही नाही. पण ज्याचं घरटं एका पानावर आहे त्याच्यासाठी ती एक लाट पुरते. शिवाय मोटारीच्या पंख्यात पाणवनस्पती अडकतात, म्हणून चालक आधी वनस्पती कापून वाट मोकळी करून मागतो. वनस्पती गेल्या की मासळीची अंडी घालायची जागा गेली, आणि मासळी गेली की पाणकावळा, बगळा आणि ढिवर, तिघंही उपाशी. वल्ह्याच्या डोंग्याला यातलं काही लागत नाही. त्याला वीतभर पाणी पुरतं.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, पावसाळ्यात बोट बंदच ठेवू, हिवाळ्यात चालवू. पावसाळ्यात बंद ठेवावी हे बरोबरच आहे. जून ते सप्टेंबर या पाण्यात हौसेखातर कोणी जाऊ नये, वारा आणि पाऊस कधी उठेल सांगता येत नाही. पण हिवाळ्याची गोष्ट वेगळी नाही. सहलींचा मोसम म्हणजे दिवाळी ते फेब्रुवारी, आणि पाहुण्या बदकांचाही मोसम तोच. लालसरी, तलवार बदक, थापट्या, गडवाल, चक्रवाक ही मंडळी हिमालयापलीकडून, मध्य आशियातून येतात. त्यांच्यातली बरीच रात्रीची चरतात, काठाच्या दलदलीत आणि कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये. दिवसा ती तलावाच्या मधोमध उघड्या पाण्यात चोच पाठीच्या पिसांत खुपसून विश्रांती घेतात, कारण कोल्हा आणि रानमांजर तिथवर पोचत नाहीत. दुपारी बोट त्या थव्यात घुसवली की पर्यटकाला पंखांचा फोटो मिळतो. बदकाची झोप मोडते, आणि उडताना अंगावरची चरबी जळते. तीच चरबी त्याला मार्चमध्ये परतीच्या वाटेवर हिमालय ओलांडायला लागणार असते. एकदा उठवलं तर ते सोसतं. रोज पाच-सहा वेळा उठवलं, तर पुढच्या वर्षी ते दुसरा तलाव बघतं, आणि असे तलाव आता फार उरलेले नाहीत.

म्हणून हिवाळ्यात बोट पहाटे आणि सकाळीच सुटावी, काठाकाठानं जावी, मधल्या पाण्यात शिरू नये. थवा मान वर करून बघायला लागला की बोट तिथेच थांबवायची. हे अंतर मीटरमध्ये ठरवून फलकावर लिहिलंत तरी चालेल, पण ते ओळखतो तो ढिवरच. बदक कधी उठणार हे त्याला मानेच्या हालचालीवरून कळतं.

आता बेटाबद्दल.

मालडोंगरी लहान आहे. तिच्यावर पायवाट काढली, चार बाकं टाकली, एक शेड आणि एक शौचालय उभं केलं, तर बेट म्हणून काही शिल्लक राहणार नाही. पाण्यानं वेढलेली जमीन पक्ष्यांना प्रिय असते ती एकाच कारणानं, तिथे कुत्रं, मांजर, गुरं आणि माणूस पोचत नाही. पाणकावळे तिथे पंख पसरून तासन्‌तास बसू शकतात ते त्यामुळेच. आपण बोटीनं माणूस पोचवला की त्याच्यामागून उरलेलं अन्न पोचतं, अन्नाच्या वासानं उंदीर-घुशी पोचतात, आणि मग तिथे अंडं टिकत नाही.

कोणी विचारतं, पक्षी नसतील तेव्हा उतरवू, उन्हाळ्यात उतरवू. उन्हाळ्यात पाणी आटतं, काठाची रेताड जमीन उघडी पडते, आणि टिटवी, नदी सुरय यांसारखे पक्षी अशाच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंडी खड्यांच्या रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. हिवाळ्यात पाहुणे, उन्हाळ्यात जमिनीवरची घरटी, पावसाळ्यात पाण्यावरची घरटी. उतरायला योग्य असा महिना वर्षात मला सापडत नाही.

हे काही मी नवीन मागत नाही. ओडिशातल्या चिलिका सरोवरात नलबन नावाचं बेट आहे, सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटरचं, म्हणजे आमच्या मालडोंगरीहून कितीतरी मोठं. १९८७ मध्ये त्याला पक्षी अभयारण्य घोषित केलं गेलं. पर्यटक बोटीतून जवळ जातात, बघतात, परत येतात. बेटावर उतरत नाहीत. तरीही चिलिकाला जाणारी गर्दी कमी झालेली नाही.

आणि जिथे उतरू देतात तिथली शिस्त पाहा. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडहून फेरीनं तासा-सव्वा तासावर टिरिटिरी मातांगी नावाचं बेट आहे. शेतीसाठी ते पार उघडं-बोडकं करून टाकलं होतं. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत स्वयंसेवकांनी तिथे अडीच लाखांवर झाडं लावली, १९९३ मध्ये बेटावरचे उंदीर संपवले, आणि देशात इतरत्र नाहीसे होत चाललेले पक्षी आणून सोडले. तिथे दिवसाच्या सहलीला जाणाऱ्या प्रत्येकानं बॅग तपासायची, आत उंदीर-मुंगी नाही ना, बुटांच्या तळव्याला बी चिकटलेलं नाही ना. बेटावर कचऱ्याची पेटी नाही; नेलेलं सगळं परत आणायचं. त्यांचं बेट २२० हेक्टरचं आहे आणि माणसाला पायवाट सोडू देत नाहीत. ही शिस्त राखायला माणसं लागतात, पैसा लागतो, वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. आपल्याकडे पाळीवरची प्लास्टिकची पाकिटं उचलायला माणूस नेमलेला नसतो. ही व्यवस्था आधी काठावर करून दाखवा. बेटाची गोष्ट आपण नंतर बोलू.

बेटावर उतरायचं नाही तर लोक येतील कशाला, असंही मला विचारलं जातं. नागपूरहून नवेगावबांध दीडशे किलोमीटरच्या आत आहे. माणूस पहाटे निघाला किंवा आदल्या रात्री गावात मुक्कामी राहिला, तर उजाडताना डोंग्यात बसू शकतो. धुकं पाण्यावर असतं तोवर पक्षी जवळून दिसतात. डोंगा काठानं सरकत जाईल, ढिवर एकेक पक्षी त्याच्या इथल्या नावानं दाखवेल, जाळं कसं टाकतात ते दाखवेल, मालडोंगरीला लांबून वळसा घालेल. नऊ-दहा वाजता परत. मग बचत गटाच्या बायांच्या हातचा भात, मासळीचा रस्सा, तांदळाची भाकर, उकडलेले सिंगाडे. दुपारी इटियाडोह धरण, गोठणगावची तिबेटी वसाहत, प्रतापगड. संध्याकाळी पुन्हा पाळीवर. एवढा दिवस ज्याला अपुरा वाटेल त्यानं दुसरीकडे जावं. स्पीडबोटी नागपुरातही मिळतील.

या तलावाला स्वतःची कहाणीही आहे, आणि ती सांगायला बेटावर फलक लावावा लागत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला अशी नोंद आहे. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. त्यांनीच बांधाच्या कामात मदत केली असं मानतात. कोलू पाटलांना लोकांनी कोलासूर देव केलं, त्यांचं ठाणं टेकडीवर आहे. गावाला पाणी देणाऱ्याला जिथे देव मानतात, तो हा मुलूख आहे. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. माधवराव पाटील डोंगरवारांसारखा जंगलाचा आणि पाखरांचा जाणकार याच गावचा. वनाधिकारी म्हणून आलेले मारुती चितमपल्ली त्यांच्या सोबतीनं इथलं पाणी आणि पाखरं शिकले. १८ जून २०२५ रोजी चितमपल्ली गेले तेव्हा आमच्या शाळेत आम्ही मुलांना तलावाच्या पाळीवर नेलं होतं. त्यांच्या नावानं काही करायचंच असेल तर हे पाणी शांत राहू द्या.

उशीर झाल्यावर काय होतं ते सारसांच्या बाबतीत पाहिलं आहे. अख्ख्या महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात, थोडा भंडारा-चंद्रपुरात, आणि गेल्या काही वर्षांच्या गणनांत आकडा चाळिशीच्याही आत. धानाच्या बांधीतली विषारी औषधं, विजेच्या तारा, बुजवलेल्या बोड्या (लहान तळी), सगळं डोळ्यांदेखत झालं. शेवटी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

बोटीच्या ठेक्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळं बिघडतं ते तिथे. आपल्या तलावांची स्थिती अशी की पाणी एका खात्याचं, काठ दुसऱ्याचा, मासे तिसऱ्याचे, आणि बोट आली की ती चौथ्याची होणार. ढिवर यातल्या कोणाच्याच यादीत मालक म्हणून नाही. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, १९५० च्या कायद्यानंतर तलाव सरकारकडे आले, तरी पाणी जपण्याचं काम ढिवरच करत राहिले. मी जवळच्याच एका जलाशयावर पाहिलं आहे. बोटीचा ठेका शहरातल्या माणसानं घेतला, गावातल्या पोरांना पार्किंगच्या पावत्या फाडायला ठेवलं, मासेमारांना बोटीच्या वाटेतून जाळी काढायला लावली. काही मोसमांतच धंदा बसला, ठेकेदार निघून गेला, बोटी काठाला उपड्या पडल्या. जाळ्यांची जागा मात्र मासेमारांना परत मिळायला फार भांडावं लागलं.

चिलिकाच्याच काठावर मंगलाजोडी नावाचं गाव आहे. तिथले लोक एके काळी पक्षी मारून विकायचे. २००० च्या सुमारास तिथल्याच शिकाऱ्यांनी शिकार सोडून पक्षीरक्षण समिती उभी केली, आणि आज तेच लोक बांबूनं ढकलायच्या साध्या होडीतून पर्यटकांना पक्षी दाखवतात. त्या दलदलीत मोटार लावत नाहीत. पक्षी होडीच्या इतके जवळ येतात की दुर्बीण लागत नाही. शिकारी हे करू शकले, तर पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर जगलेले आमचे ढिवर का करू शकणार नाहीत? बोटीचा परवाना इथल्या मासेमार सहकारी संस्थेला द्या, मोसमापुरता नव्हे, निदान काही वर्षांसाठी. ई-टेंडरमध्ये मोठी उलाढाल आणि मोठी अनामत मागितली की आमची संस्था दारातच बाहेर पडते. ती अट घालू नका.

तिकिटातला ठरलेला वाटा तलावाच्याच कामाला जावा. आमच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी बोड्यांमधलं बेशरम नावाचं तण मुळासकट उपटलं, तळ नांगरला, देवधान, गाद, चिला अशा इथल्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासळी परतली, तिच्यामागे पक्षी परतले. उन्हातान्हात, कमरेइतक्या चिखलात उभं राहून केलेलं काम आहे ते. पर्यटकाला दिसणारा पक्षी त्या बायांच्या मेहनतीवर बसलेला असतो. त्यांची मजुरी तिकिटातून निघाली पाहिजे.

आता जिवाचा प्रश्न. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातल्या थेक्कडीच्या तलावात पर्यटकांची बोट उलटली आणि ४५ माणसं गेली. काठावर जनावरं दिसली म्हणून प्रवासी एका बाजूला गेले होते. वन्यजीव बघायच्या बोटीत हा धोका नेहमीचाच, कारण काही दिसलं की माणूस उठतोच. आपल्याकडे १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात वर्धा नदीवर झुंज या ठिकाणी निघालेली होडी उलटून एकाच गोतावळ्यातली ११ माणसं बुडाली. म्हणून होडी रुंद आणि सपाट तळाची हवी, प्रवासी मोजके हवेत, उभं राहायचं नाही हा नियम बसण्याआधी सांगितला गेला पाहिजे, आणि लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचंसुद्धा हवं. मोठ्यांचं जॅकेट लहान पोराच्या गळ्यातून वर निघून जातं; ते घातलं काय आणि न घातलं काय.

आणि हे जॅकेट फक्त पाहुण्यांसाठी आणू नका. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया वैनगंगा ओलांडून मिरची तोडायला निघाल्या होत्या. डोंगा उलटला, सहा जणी बुडाल्या. त्यांच्याकडे ना जॅकेट होतं, ना दुसरी वाट. आमचे मासेमार आजही थर्माकोलच्या तुकड्यांवर आणि ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावायला जातात. जलपर्यटनासाठी लाखोंची बोट घेता येते, तर त्याच पाण्यावर रोज पोट भरणाऱ्या माणसाला एक जॅकेट आणि एक धड होडी देता आलीच पाहिजे. माझी विनंती आहे की पर्यटकाची पहिली फेरी सुटण्याआधी ढिवरांच्या घरोघरी जॅकेट पोचलेलं असावं.

पंचक्रोशीतल्या जिल्हा परिषद शाळांच्या मुलांना वर्षातून एक सकाळ तिकीट न घेता डोंग्यात बसवा. खर्च मोठा नाही.

सरपंचांना आणि सदस्यांना वेगळं सांगते. गावातल्या तरुणांना स्पीडबोट हवी आहे, त्यांच्यावर मी रागावलेली नाही. त्यांना काम हवं आहे. पण स्पीडबोट चालवायला एक माणूस लागतो आणि तो बाहेरून येतो. वल्ह्याच्या वीस होड्यांना वीस घरं लागतात, ती सगळी इथली. ३१ डिसेंबरला डीजे लावणाऱ्यांना पाळीवर परवानगी देऊ नका, हेही तुमच्याच हातात आहे.

आपण जो काही मसुदा कराल, तो मंजुरीआधी मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि त्यावर ग्रामसभा घ्या. ग्रामसभा सकाळी ठेवू नका. त्या वेळी ढिवर पाण्यावर असतात आणि त्यांच्या बाया मासळी घेऊन बाजारात. संध्याकाळी पाचनंतर ठेवा आणि बायांना नावानिशी निरोप द्या. बोट कुठून न्यायची, कुठे थांबवायची, कोणत्या कमळाच्या पट्ट्यात कधीच शिरायचं नाही, हा नकाशा त्या सभेत आमचे लोक काढून देतील. मी फळा आणि खडू घेऊन येते.

आपली,
नवेगावबांध परिसरातली एक शिक्षिका